थंडीतला पाम हलवताना: इंग्लंडमधल्या बागेत चुसान पामची जागा कशी बदलावी

आमच्या घरासमोर दोन पाम होते. जुन्या मालकांनी लावलेले, माझ्या कमरेएवढ्या उंच खोडाचे, अंगावर तपकिरी काथ्या गुंडाळलेले. लंडनच्या पश्चिमेला राहणाऱ्या, गुहागरकडच्या बाईला खिडकीतून पाम दिसावा यासारखं सुख नाही. पण दुसरी गाडी आली, ती उभी करायला जागा हवी झाली आणि पाम मागच्या बागेत न्यायचं ठरलं.

पहिला पाम मी नोव्हेंबरमध्ये हलवला आणि मारला. दुसरा दीड वर्षानं मेअखेरीस हलवला. तो आज मागच्या कुंपणाशी उभा आहे आणि दर उन्हाळ्यात नवी पानं काढतो. दोन्ही वेळी खणायला मी होतेच, फावडं तेच, मातीही तीच. मग फरक कुठे पडला? पहिल्या वेळी मी त्याला झाड समजले होते. पाम हा रचनेनं गवताच्या आणि बांबूच्या जवळचा. सफरचंद किंवा गुलाब हलवायचे नियम त्याला लावले की घात होतो, आणि इथल्या बागकामाच्या सल्ल्यांपैकी बहुतेक सल्ले सफरचंद-गुलाबाचे असतात.

१. आधी आपला पाम कोणता ते ओळखा

इंग्लंडमधल्या घरगुती बागेत थंडी सोसून राहणारा पाम बहुतेक वेळा चुसान पाम असतो. शास्त्रीय नाव ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनेय. एकच खोड, त्यावर केसाळ काथ्या आणि आपल्या ताडासारखी पंख्याच्या आकाराची पानं, ही त्याची खूण. प्रौढ झाड उणे दहा अंशांच्याही खालची थंडी काढतं.

याची गल्लत दोघांशी होते. लांब तलवारीसारखी पानं असलेलं आणि वाढल्यावर फांद्या फुटणारं झाड असेल तर ती कॉर्डिलाइन. लोक तिला कॅबेज पाम म्हणतात, पण ती पाम नाहीच. बुंध्यापासून अनेक खोडं फुटलेला, देठावर मोठे काटे असलेला बुटका पाम म्हणजे भूमध्यसागरी फॅन पाम. त्याला खालच्या बऱ्याचशा पायऱ्या लागू होतात. कॉर्डिलाइनला होत नाहीत.

चुसान हे नाव चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटाचं, आजचं झोउशान. १८४९ मध्ये रॉबर्ट फॉर्च्युननं तिथून याची रोपं इंग्लंडला पाठवली. चीनमधून चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांत पोचवणारा फॉर्च्युन तो हाच. त्याचा एक भाऊबंद आपल्याच देशात आहे: कुमाऊंमध्ये पिथोरागढजवळच्या डोंगरांत ट्रॅकिकार्पस टाकिल उगवतो. १९०५ मध्ये बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं. म्हणजे बर्फात पाम हे आपल्याला वाटतं तितकं अजब नाही.

२. हलवायचा की नाही, हे आधी ठरवा

खोडाची उंची मोजा. पानं धरू नका, जमिनीपासून पानं फुटतात तिथपर्यंतचं खोड फक्त. साधारण एक मीटरपर्यंत दोन माणसं आणि एक शनिवार पुरतो. दीड मीटरपर्यंत तीन-चार माणसं लागतात. त्याच्यावर असेल तर छोटं खोदयंत्र आणि ते चालवणारा माणूस बोलवा. दोन मीटरचा पाम मित्रांना जेवणाचं आमिष दाखवून हलवता येत नाही. मित्र येतात, जेवतात, पाम जागेवरच राहतो.

खोड अजून तयारच झालं नसेल, म्हणजे पानं जमिनीतूनच निघाल्यासारखी दिसत असतील, तर शक्य असल्यास दोन-तीन वर्षं थांबा. अगदी लहान पामची मुळं तुटली की ती भरून काढायला त्याच्याकडे साठा नसतो. खोडवाल्या पामकडे तो खोडात असतो.

३. वेळ: इथेच बहुतेक जण चुकतात

माझ्या शेजाऱ्यांनी अतिशय आपुलकीनं सांगितलं होतं, झाडं हिवाळ्यात हलवायची, तेव्हा ती झोपलेली असतात. पानझडीच्या झाडांसाठी ते शंभर टक्के खरं आहे. पाम मात्र झोपत नाही. थंडीत तो नुसता थांबतो. त्याची तुटलेली मुळं गार मातीत वाढत नाहीत, आणि डोक्यावरची पानं हिवाळाभर वाऱ्यात पाणी गमावत राहतात. वर ओल्या, गार मातीत जखमी मुळं चार-पाच महिने पडून राहिली की कुजतात. माझ्या पहिल्या पामचं हेच झालं. मार्चपर्यंत तो हिरवागार दिसत होता, म्हणून मी खूश. एप्रिलमध्ये मधलं पान ओढलं तर ते हातात आलं, आणि बुडाशी कुजक्या अळवासारखा वास.

नंतर गुहागरच्या काकाला फोन केला. तो आयुष्यभर माडा-पोफळींत राहिलेला. म्हणाला, "अगो, माडाला ऊब लागते मूळ धरायला. तू त्याला बर्फात पुरलास आणि आता मला विचारतेस?"

तर दक्षिण इंग्लंडमध्ये योग्य काळ मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. माती कोमट झालेली असते आणि थंडीपूर्वी मुळं धरायला चार महिने हाताशी राहतात. जुलैही चालतो, पण मग पाणी घालायला तुम्ही घरी असायला हवं. ऑगस्टच्या सुट्टीत पुण्याला जाणार असाल तर जुलैत हात लावू नका. सप्टेंबर उलटला की सरळ पुढच्या मेची वाट बघा. गाडी उभी करायची घाई असेल तर गाडी वर्षभर रस्त्यावर उभी करा.

राणी व्हिक्टोरियानं ऑसबोर्न या आपल्या वाड्याच्या बागेत फॉर्च्युनच्या पामपैकी एक लावला तो १८५१ साली, आपल्या वाढदिवशी. तारीख २४ मे. राणीनं मुहूर्त मातीसाठी काढला नव्हता, पण निघाला तो अचूक.

४. परवानग्या आणि कागद

घराची बाग आपली म्हणजे सगळं आपल्या मर्जीनं, असं इथे नसतं. खणण्याआधी हे पाहून घ्या:

- घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी. बागेतलं झाड त्याचं आहे, तुम्ही त्याच्यावर कितीही जीव लावला तरी.
- तुमच्या झाडावर संरक्षण आदेश आहे का आणि घर संवर्धन क्षेत्रात येतं का. दोन्ही गोष्टी काउन्सिलच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून कळतात. संवर्धन क्षेत्रात दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरपेक्षा जाड खोड असलेल्या झाडाला हात लावण्याआधी सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. पाम त्यात धरतात का, यावर स्वतःच वकिली करू नका. काउन्सिलला ईमेल टाका आणि उत्तर जपून ठेवा.
- जमिनीखालच्या वाहिन्यांची माहिती. 'लाइनसर्च बिफोर यू डिग' ही सेवा घरमालकांना फुकट आहे. पण रस्त्यापासून घरापर्यंत येणारी शेवटची जोडणी त्या नकाशात दिसेलच असं नाही. पुढच्या अंगणात गॅसचा मीटर, पाण्याचं झाकण आणि विजेची पेटी कुठे आहे ते बघा आणि त्यांना रस्त्याशी जोडणाऱ्या सरळ रेषांत पहार मारू नका.
- पक्ष्यांची घरटी. पामच्या पानांच्या बेचक्यात कबुतरं हमखास बसतात. वापरातलं घरटं मोडणं १९८१ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि आपला पाम हलवायचा हंगाम नेमका त्यांच्या विणीचा. घरटं दिसलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबायचं.

जाता जाता: पाम काढून तिथे फरशी घालणार असाल तर इंग्लंडमध्ये २००८ पासून पुढच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करायला परवानगी लागते. खडी किंवा पाणी मुरणाऱ्या विटा घातल्या तर प्रश्न येत नाही.

५. साहित्य

- धारदार पात्याचं फावडं, टिकाव, एक पहार
- झाडं कापायची करवत आणि लांब दांड्याची कात्री
- जाड हातमोजे आणि डोळ्यांचा चष्मा. देठांच्या कडा बारीक दातेरी असतात आणि पानांची टोकं बरोबर डोळ्यांच्या उंचीवर येतात
- गोणपाट, सुतळी, जाड ताडपत्री
- दोन लांब फळ्या आणि जड सामान हलवायची दोनचाकी ट्रॉली
- रॅचेटचे पट्टे, निदान दोन
- तीन लाकडी टेकू आणि लाकडाचे चार छोटे तुकडे
- पानांच्या कुजाचं खत किंवा सालीचा भुगा, आच्छादनासाठी
- पाण्याचा पाइप, आणि झाऱ्याही. उन्हाळ्यात पाइपवर बंदी आली तर झारी चालते

खतं, मुळं फुटायची पावडर, बाटलीतली टॉनिकं यांतलं काही लागत नाही. बागेच्या दुकानात गेल्यावर हे वाक्य आठवा.

६. आधी नवा खड्डा, मग जुनं झाड

नवी जागा तयार नसताना पाम उपटून ठेवू नका. मुळं उघडी पडली की तासातासाला नुकसान होतं.

जागा निवडताना उन्हापेक्षा वाऱ्याचा विचार जास्त करा. चुसान पाम अर्ध्या सावलीत छान राहतो, पण मोकळ्या वाऱ्यात त्याची पानं वर्षभरात फाटून चिंध्या होतात. घराचा किंवा कुंपणाचा आडोसा हवा. भिंतीपासून निदान दीड मीटर सोडा, कारण पानांचा घेर तेवढा होतो. भिंत मुळांनी तडकेल ही भीती मात्र नको. पामची मुळं दोरीसारखी असतात आणि वडा-पिंपळासारखी जाड होत नाहीत.

मग निचरा तपासा. ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी दिसलं तर ती जागा पामची नाही. आमच्याकडे चिकणमाती आहे, पावसाळ्यातल्या शेताच्या बांधासारखी. अशा मातीत खोल खड्डा करून त्यात मऊ खतमाती भरली की त्याची न्हाणी होते: आजूबाजूचं सगळं पाणी येऊन तिथेच साचतं. त्यापेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंचीचा रुंद वरंबा करा आणि झाड त्यावर चढवून लावा. मी दुसऱ्या वेळी तेच केलं.

खड्ड्याची रुंदी मुळांच्या गोळ्याच्या दीडपट. खोली गोळ्याइतकीच, एक बोटही जास्त नको. तळ भुसभुशीत केला तर झाड नंतर खाली बसतं.

७. आदल्या दिवशीची तयारी

दोन दिवस आधी झाडाला भरपूर पाणी द्या. मुळं भरलेली राहतात आणि माती गोळा धरून राहते.

आदल्या दिवशी खालची जुनी पानं काढा. एकूण पानांपैकी अर्धी तरी. जीवावर येतं, ठाऊक आहे. पण मुळं निम्म्याहून जास्त तुटणार आहेत, मग तेवढ्या पानांना पाणी पुरवणार कोण? देठ खोडापासून पाच-सहा सेंटिमीटर ठेवून कापा, खोडाला घासून नाही. खोडावरचा काथ्या सोलू नका. सोललेली खोडं गुळगुळीत आणि शोभिवंत दिसतात, पण तो काथ्या म्हणजे झाडाची गोधडी आहे आणि हे वर्ष ती काढायचं नाही.

उरलेली पानं वर घेऊन सुतळीनं सैल मोळी बांधा. मधोमध एक न उघडलेलं, भाल्यासारखं पान असेल. आपल्याकडे केळीच्या किंवा माडाच्या अशा पानाला सुरळी म्हणतात. तिच्या बुडाशी आत कोंब असतो, आणि पामला आयुष्यभर तो एकच कोंब. तो गेला की झाड गेलं, बाजूनं दुसरा फुटत नाही. त्यामुळे आजपासून त्या सुरळीला धक्का, ओढ, टेकू, काहीही लागू द्यायचं नाही.

८. खणणं

खोडापासून सर्व बाजूंनी २५ सेंटिमीटरवर गोल आखा. मोठ्या झाडासाठी ३०. ओक किंवा आंब्यासाठी हे हास्यास्पद वाटलं असतं, पण पामला सोटमूळ नसतं. सगळी मुळं खोडाच्या बुडातून, जवळजवळ सारख्या जाडीची निघतात आणि नवी मुळंही त्याच बुडातून फुटतात. म्हणून बूड शाबूत ठेवणं हे लांबच लांब मुळं वाचवण्यापेक्षा महत्त्वाचं.

पाममध्येही जातीजातींत फरक आहे. फ्लोरिडातल्या संशोधकांनी मुळं कापून पाहिली तेव्हा माडाची साधारण निम्मी कापलेली मुळं पुन्हा फुटून वाढली, तर तिथल्या साबाल पामची जवळजवळ सगळी मेली. त्याला बुडातून नव्यानं सुरुवात करावी लागली. चुसान पाम स्वभावानं सोशिक आहे, पण तुम्ही जास्तीत जास्त नव्या मुळांवरच भिस्त ठेवा आणि त्यासाठी त्याला ऊब आणि वेळ द्या.

आखलेल्या रेषेवर फावडं सरळ खाली मारत पूर्ण फेरी काढा. मग बाहेरच्या बाजूनं फावड्याच्या रुंदीचा चर खणा, ४५ सेंटिमीटर खोल. आडवी आलेली मुळं करवतीनं किंवा कात्रीनं स्वच्छ कापा. टिकावानं ठेचू नका. चर पूर्ण झाला की फावडं तिरकं घालून खालून सोडवायला लागा, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं.

इथे मोह होतो खोड धरून गदागदा हलवायचा. नका करू. खोड तरफेसारखं वापरलं की बुडाशी असलेली मुळं आतून तुटतात, आणि जोराच्या झटक्यानं कोंबालाही इजा होते. ती लगेच दिसत नाही. सहा महिन्यांनी कळते. माझ्या पहिल्या वेळी मदतीला पैसे देऊन बोलावलेल्या माणसानं हेच केलं आणि मी बाजूला उभी राहून त्याला चहा विचारत होते.

गोळा हलायला लागला की एका बाजूनं किंचित कलता करून खाली गुंडाळलेलं गोणपाट सरकवा, उलट्या बाजूनं कलता करून ते ओढून घ्या आणि चारी टोकं खोडाभोवती बांधा. रेताड मातीत गोळा सुटणारच. तसं झालं तर घाबरू नका, मुळांवर ओलं गोणपाट टाका आणि पुढची पायरी भराभर उरका.

९. उचलणं

सत्तर सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर खोल गोळ्यात पावणेदोनशे लिटरच्या आसपास माती येते. ओली माती लिटरला दीड किलोच्या वरच भरते. म्हणजे नुसता गोळाच अडीचशे किलोंच्या पुढे, वर पाण्यानं भरलेलं खोड वेगळं. माणसांनी उचलायची ही वस्तू नाही.

ती सरकवायची. चराची एक बाजू उतरती करा, त्यावर फळ्या टाका, गोळ्याला पट्टा बांधा आणि ओढत वर काढा. पट्टा गोळ्याला, खोडाला नाही. खोडावर पट्टा लावायलाच लागला तर खाली गोणपाटाचे तीन-चार वेढे द्या. पामच्या खोडाची जखम कधीच भरून येत नाही. साल वाढून ती झाकायची सोयच त्याच्या रचनेत नाही, आज पडलेला व्रण वीस वर्षांनी तिथेच असतो.

वर आल्यावर ताडपत्रीवरून हिरवळीवर ओढत न्या, फरशीवर ट्रॉलीनं. पुढून मागे जायच्या गल्लीची रुंदी आधी मोजा. आमची गल्ली ८५ सेंटिमीटर, मध्ये कचऱ्याच्या चाकाच्या पेट्या, आणि वळणावर गॅसच्या मीटरचा बाहेर आलेला डबा. पेट्या आदल्या रात्री हलवायचं लक्षात नव्हतं. अडीचशे किलोंचा पाम गल्लीत अडकलाय, अलीकडे मी, पलीकडे नवरा, आणि पेट्या त्याच्या मागे. वीस मिनिटं गेली. मोजून ठेवा.

१०. लावणं

गोळा खड्ड्यात उतरवा आणि जुन्या मातीची रेषा खोडावर कुठे होती ते बघा. ती रेषा नव्या जमिनीच्या बरोबरीनं किंवा दोन बोटं वर यायला हवी. खोल पुरलं की झाड घट्ट उभं राहतं खरं, पण मुळांना हवा कमी पडते आणि बूड कुजतं. माझ्या पहिल्या पामच्या मृत्यूचं दुसरं कारण हेच. डगडगत होता म्हणून मी त्याला वीतभर खोल गाडला होता.

गोणपाट तागाचं असेल तर वरचं सोडवून खालचं तसंच राहू द्या, ते कुजून जातं. प्लास्टिकचं असेल तर पूर्ण काढा. खड्डा काढलेल्या मातीनंच भरा. थोडी थोडी माती टाकून पायानं हलकी दाबा, मध्ये एकदा पाणी ओता म्हणजे पोकळ्या बसतात. शेवटी भोवती आळं करा, घरी करतो तसंच, आणि ते दोनदा पाण्यानं भरा.

काका म्हणाला होता, खड्ड्यात मूठभर मीठ टाक. कोकणात माडाला मीठ घालतात आणि माडाला ते मानवतं. इथे घालू नका. नाव बेटाचं असलं तरी चुसान पाम समुद्रकाठचा नाही, डोंगरातला आहे.

टेकू देताना खोडात खिळा ठोकायचा नाही, एकही नाही. खोडाला गोणपाट गुंडाळा, त्यावर लाकडाचे तुकडे पट्ट्यानं आवळा आणि टेकू त्या तुकड्यांना ठोका. टेकू वर्षभर राहू द्या.

वर पाच-सात सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडाला न टेकवता.

११. पहिला उन्हाळा: पाणी, आणि वाट बघणं

पहिले सहा आठवडे आठवड्यातून तीनदा, दर वेळी दोन मोठ्या झाऱ्या. पाऊस पडला तरी आच्छादनाखाली बोट घालून पाहा. इंग्लंडचा पाऊस दिवसभर भुरभुरतो आणि माती दोन सेंटिमीटरच्या खाली कोरडी असते. चिकणमातीत उलटंही होतं: बोटाला चिखल लागला तर त्या दिवशी पाणी नाही. कोंबावर पाणी ओतू नका, मुळांशी घाला. सप्टेंबरपर्यंत हळूहळू आठवड्यातून एकदावर या.

पानांची बांधलेली मोळी दोन-तीन आठवड्यांनी सोडा.

खत या वर्षी नाही. मुळं नसलेल्या झाडाला खत म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी.

आता खरी कसोटी. झाड वाईट दिसायला लागेल. उरलेल्या पानांपैकी खालची पिवळी पडतील, मग तपकिरी होतील. पूर्ण वाळेपर्यंत ती कापू नका, झाड त्यांतलं पोषण काढून घेत असतं. या काळात पानांच्या रंगाकडे बघून काही ठरवू नका, हिरवी पानं खोटं बोलतात. माझा मेलेला पाम चार महिने हिरवा होता.

विश्वास ठेवायचा तो सुरळीवर. एक कायमची शाई असलेला मार्कर घ्या, आणि सुरळीवर व तिला चिकटलेल्या शेजारच्या देठावर मिळून एक सरळ आडवी रेघ ओढा. शेजारचा देठ वाढत नाही, सुरळी वाढते. दोन-तीन आठवड्यांनी सुरळीवरची रेघ वर सरकलेली दिसली तर कोंब जिवंत आहे आणि कामाला लागला आहे. माझ्या दुसऱ्या पामची रेघ पहिले पाच आठवडे जागची हलली नाही. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायची. सहाव्या आठवड्यात नखाएवढी सरकली, ऑगस्टअखेर चार बोटं. रेघ हलली नाही म्हणून सुरळी ओढून बघायची नाही. घट्ट आहे का हे पाहायला दोन बोटांनी अगदी हलकं चाचपलं तर चालतं, महिन्यातून एकदा.

१२. पहिला हिवाळा

एरवी हा पाम इंग्लंडच्या थंडीला भीक घालत नाही. पण या वर्षी त्याची मुळं अर्धवट आहेत. नोव्हेंबरमध्ये बुंध्याभोवती दहा सेंटिमीटर पेंढा किंवा पानांचा थर द्या. कडाक्याच्या थंडीचा, दव गोठण्याचा इशारा आला की पानं पुन्हा सैल बांधा आणि बागेचं पांढरं फ्लीस, म्हणजे झाडं झाकायचं हलकं कापड, गुंडाळा. थंडी ओसरली की फ्लीस काढा. आठवडेच्या आठवडे गुंडाळून ठेवलं की आत ओल साचते आणि कोंब कुजतो. प्लास्टिक तर अजिबात नको.

मार्चमध्ये सुरळी हलकी चाचपा. घट्ट असेल तर एप्रिल-मेपासून थोडं सावकाश विरघळणारं खत सुरू करा.

आणि ती हातात आलीच तर? लगेच कुदळ घेऊ नका. कुजलेला भाग बोटानं आणि चमच्यानं साफ करा, आत पाणी जाऊ नये म्हणून वर उघड्या बाजूंचं छोटं छप्पर करा आणि आतला भाग कोरडा ठेवा. कोंब सुरळी तुटून येते त्या जागेच्या बराच खाली असतो. तो वाचला असेल तर उन्हाळ्यात आधी एखादं वेडंवाकडं, अर्धं कापल्यासारखं पान वर येतं आणि मग सरळ पानं सुरू होतात. जुलैअखेरपर्यंत वाट बघा. मी पहिल्या वेळी एप्रिलमध्येच उपटून टाकला होता.

१३. मादी असेल तर

चुसान पाममध्ये नर आणि मादी झाडं वेगळी. फुलांचे पिवळे घोस दोघांनाही येतात, निळसर काळी फळं फक्त मादीला, आणि तीही आसपास नर असेल तर. हलवल्यानंतरची पहिली दोन वर्षं घोस दिसताच कापून टाका, झाडाची ताकद मुळांकडे जाऊ द्या. नंतरही फळं धरू न देणं बरं. पक्षी बिया लांबवर नेतात. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेकडच्या जंगलांत हा पाम असाच पसरला आणि २०२४ पासून तिथे त्याची विक्रीच बंद झाली आहे. आमचा नर निघाला. जूनमध्ये त्याच्या घोसांखाली पिवळा सडा पडतो आणि झाडायला खराटा लागतो. तो गुहागरहून आणलेला आहे.